स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल: सहा दिवस गाडी कशी टिकवायची?

रानवाट

स्कॉटलंडमधल्या या मोटरसायकल स्पर्धेचा विषय निघाला की बोलणं विजेत्यांवर जातं. डगी लॅम्पकिनची बारा विजेतेपदं, १९६५मध्ये सॅमी मिलरने स्पॅनिश टू-स्ट्रोक बुलटाकोवर मिळवलेला विजय, १९६१मध्ये गॉर्डन जॅक्सनने एजेएस मोटरसायकलवर सहा दिवसांत मिळून गमावलेला फक्त एक गुण. हे सगळं मोठंच आहे. पण फोर्ट विल्यमला, म्हणजे स्पर्धेच्या गावी जाणारे बहुतेक स्वार शनिवारी संध्याकाळी चालू गाडीवर परत यायचं एवढंच ठरवून जातात. त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. स्पर्धेची मुळं १९०९ची, आयोजन एडिनबरो अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लबचं. मे महिन्याच्या सुरुवातीला सोमवार ते शनिवार, रोज साधारण ३० सेक्शन, आणि काही दिवशी रस्ता, जंगलवाट, दलदलीचा माळ मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर. सेक्शन म्हणजे ओढ्यातला किंवा कड्यावरचा आखून दिलेला छोटा तुकडा. तिथे वेग मोजत नाहीत, पाय मोजतात. पाय न टेकता पार केलं तर शून्य, एकदा टेकला तर १, दोनदा २, तीन किंवा त्याहून जास्त वेळा ३, आणि पडलात, हद्दीबाहेर गेलात किंवा गाडी अडकली तर ५. हे गुण दंडाचे, ज्याचे सर्वांत कमी तो पुढे.

गाडी रोज रात्री पार्क फर्मेत, म्हणजे बंद आवारात जमा होते. तिथे तिला हात लावता येत नाही. मुख्य भागांवर तपासणीत खुणा केलेल्या असतात, ते बदलता येत नाहीत. म्हणून तयारी आधीच व्हावी लागते. टायर, पाणी शिरणं, ब्रेक, हत्यारं, शरीर, ज्याला ज्यातलं नीट माहीत आहे त्याने ते लिहावं.

चाकोरी

टायरपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गुण तिथेच जातात.

मागचा ४.००-१८ ट्यूबलेस रेडियल, पुढचा २.७५-२१, बहुतेक गाड्यांत ट्यूबवाला. हवा मागे ०.३ बारच्या (बार हे दाबाचं एकक) जवळपास, पुढे ०.४. मोजायला ० ते १ बारचाच गेज हवा. मोटारीच्या गेजवर ०.३ आणि ०.४ मधला फरक दिसतच नाही, आणि सेक्शनमध्ये तो फरक पकडीत लगेच कळतो.

बहुतेकांची चूक इथे होते. डांबरी रस्त्यावर १५-२० किलोमीटर आल्यावर टायर तापलेला असतो. पहिल्या सेक्शनपाशी गेज लावला की ०.३८ दिसतं, माणूस हवा सोडतो. मग टायर ओढ्याच्या थंडगार पाण्यात जातो. हिशोब करून बघा: गेजवर ०.३ म्हणजे प्रत्यक्षात १.३ बार. आतली हवा ३० अंशांवरून १० अंशांवर आली की १.३चे सुमारे १.२१ होतात, म्हणजे गेजवर ०.२१. जवळजवळ एक तृतीयांश हवा गेली. एवढ्या कमी हवेत टायर कडेच्या दगडावर रिमवरून निसटतो किंवा रिम थेट खडकावर बसते.

म्हणून सकाळी, रात्रभर उघड्यावर थंड झालेल्या टायरमध्ये हवा ठरवायची आणि मग दिवसभर तिला हात लावायचा नाही. रस्त्यावर दाब वाढेल, ओढ्यात परत मूळ जागी येईल.

उंचीचा परिणाम उलटा. ५०० मीटर वर गेलात की बाहेरची हवा विरळ होऊन गेजवर साधारण ०.०६ बार वाढलेले दिसतात. वरच्या सेक्शनवर टायर जरा कडक वाटला तर कारण हे असतं. तेवढं चालवून घ्या. तिथे सोडलेली हवा खाली उतरल्यावर कमी पडते.

दगडफूल

चाकोरी यांच्याशी सहमत. पुढच्या चाकाबद्दल एक भर. माळावरच्या पायवाटांवर पाणी वळवण्यासाठी आडवे दगडी चर बसवलेले असतात. उतारावर वेगात एखादा चर दिसला नाही तर पुढची ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. लांब माळ असेल त्या दिवशी पुढे ०.४५ ते ०.५ ठेवणं शहाणपणाचं. सेक्शनमध्ये थोडी पकड जाते, पण ट्यूब बदलायला लागणारी २५-३० मिनिटं वाचतात.

मागच्या टायरच्या गाठींच्या (वरच्या रबरी उंचवट्यांच्या) कडा झिजतात त्या खडकापेक्षा डांबरावर जास्त. रबर मऊ असतं आणि हवा कमी, त्यामुळे वळणावर ते घासलं जातं. आठवड्याच्या मध्यावर टायर उलटा फिरवून बसवला की न झिजलेली कड ओढीच्या बाजूला येते. नवा टायर घालायचा असला तरी चाकावर खूण असेल तर रिम तीच ठेवावी लागते, त्यामुळे टायर हाताने काढता-घालता येणं आवश्यक आहे.

नवखा_स्वार

ट्यूबलेस टायर कंप्रेसरशिवाय रिमवर बसतो का? आणि वाटेत पंक्चर झालं तर काय करायचं?

दगडफूल

बसतो. आधी रिमची कड आणि टायरची कड पुसून कोरडी करा, पीटचा (दलदलीतल्या काळ्या, कुजक्या मातीचा) चिखल तिथे राहिला तर गळती हमखास. मग दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हचा गाभा काढून ठेवा, म्हणजे हवा जोरात आत जाते. रॅचेटचा पट्टा टायरच्या घेराभोवती मधोमध आवळा, त्यामुळे कडा बाहेर फाकून रिमला टेकतात. हवा धरायला लागली की पट्टा सैल करा. दोन्ही बाजूंनी ठक्क असा आवाज येईपर्यंत भरा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका, आणि भरताना बोटं कडेपासून लांब ठेवा. बसल्यावर गाभा घालून ०.३ वर आणा.

वाटेतल्या पंक्चरसाठी चिकट दोरीचे प्लग ४-५, ते खुपसायची सुई, १६ ग्रॅमची सीओटू काडतुसं ३ आणि एक छोटा हातपंप. काडतूस फक्त कड बसवायला वापरायचं, दाब नंतर पंपाने आणि गेजने जुळवायचा. भोक गाठींच्या मधल्या भागात असेल तर प्लग टिकतो. बाजूची पातळ भिंत फाटली असेल तर टिकत नाही. तिथे आतून ठिगळ किंवा तात्पुरती १८ इंची ट्यूब, एवढाच मार्ग.

मागची रिमही तपासा. काही रिमांमध्ये स्पोकच्या भोकांवर रबरी पट्टी असते. ती सरकली की हवा रात्रभर हळूहळू जाते आणि पंक्चर सापडत नाही. रिम फिरवत स्पोकच्या टोकांवर साबणपाणी टाकलं की बुडबुडे दिसतात.

तेलपाणी

आता पाणी शिरण्याबद्दल. ओढ्यात गाडी आडवी झाली आणि इंजिन बंद पडलं, तर पहिली गोष्ट म्हणजे किक मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि ताकदीने मारलेल्या किकेत कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी बिघडते ती पाण्याने नाही, घाईने.

पुढचा क्रम असा:

गाडी काठावर घ्या, पेट्रोलचा कॉक बंद, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) चुंबकी दोरी काढलेली. स्पार्क प्लग काढा. एअरबॉक्सचं झाकण उघडून हवा गाळणारा फोम बाहेर काढा, पिळा (मुरगळू नका, जोड उसवतो), आणि एअरबॉक्स कापडाने कोरडा करा. गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सरमधलं पाणी गळू द्या. भरपूर निघतं, एक-दोन मिनिटं थांबा. मग गाडी सरळ करून प्लगशिवाय १५-२० सावकाश किक. भोकातून फवारा उडेल, तोंड बाजूला ठेवा. कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू उघडून थोडं पेट्रोल वाहू द्या, पाणी जड असल्याने तळाशी बसलेलं असतं. मग नवा, कोरडा प्लग. जुना पुसून घालण्यात वेळ घालवू नका. सरावाने हे सगळं दहा मिनिटांत होतं.

सुरू झाल्यावर गिअरबॉक्सचं ऑइल बघा. खिडकीत दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे. त्या दिवसापुरतं चालवता येतं, पण क्लच ओढायला लागतो आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. संध्याकाळी गाडी जमा करण्याआधी बदलायचं. बहुतेक ट्रायल गाड्यांत अर्धा लिटरच्या आतबाहेरच लागतं, तेव्हा दोन बदलांपुरतं जवळ ठेवा.

रानवाट

फार उपयोगी. फोमला किती तेल लावायचं यावरही लिहा. बरेच जण तिथे चुकतात.

तेलपाणी

फोम तेलात पूर्ण भिजवून पिळायचा, आणि नंतर स्वच्छ कापडात दाबून जास्तीचं काढायचं. सगळीकडे एकसारखा रंग, पण बोटाला थेंब लागत नाही, एवढं. कमी लावलं तर पीटमिश्रित पाणी आरपार जातं. जास्त लावलं तर कमी आरपीएमला गाडी गुदमरते, आणि ट्रायलचं सगळं काम तिथेच असतं. फोमच्या काठाला जाड वॉटरप्रूफ ग्रीस लावा. पाणी फोममधून जितकं शिरतं त्याहून जास्त काठाच्या फटीतून शिरतं. तेल लावलेले तयार फोम रोज एक असे सहा, हवाबंद पिशव्यांत. संध्याकाळी धुवत बसू नका.

ऑइल मिक्सबद्दलही, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाबद्दलही लिहून टाकतो. उत्पादकाने दिलेलं प्रमाणच पाळायचं, आधुनिक गाड्यांत ते बऱ्याचदा ६०:१ ते ८०:१च्या दरम्यान असतं. ५ लिटर पेट्रोलला ७०:१ म्हणजे ७१ मिली. रस्त्याच्या भागात इंजिन बराच वेळ जास्त आरपीएमवर फिरतं, म्हणून सेक्शनपुरतं पातळ मिश्रण इथे आणू नका. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून टू-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये सोडली तर इंजिन वेगात फिरतं पण त्याला तेल मिळत नाही, कारण तेल पेट्रोलमधूनच येतं. क्लच दाबून उतरा किंवा अधूनमधून थ्रॉटलचा छोटा झटका द्या.

मॉन्टेसाप्रेमी

वरचं सगळं कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकसाठी आहे. मॉन्टेसाची कोटा ४आरटी ही फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाली आणि बॅटरी नसलेली. तिला वाटी नाही. इंजेक्शन जागं होण्यापुरती वीज किकेतूनच तयार होते, त्यामुळे अर्धवट किक चालत नाही. वरपासून खालपर्यंत एकच पूर्ण, ठाम किक. आणि इंजिन व गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं असतं, पाणी शिरल्यावर दोन्ही तपासा. प्लग काढणं आणि पाणी बाहेर टाकणं मात्र तसंच.

सुतळी

एक शंका: ही आणि इंटरनॅशनल सिक्स डेज एकच ना? काही ठिकाणी दोन्हींचे फोटो एकत्र दिसतात.

रानवाट

नाही. ती १९१३मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे सुरू झाली, दरवर्षी वेगळ्या देशात होते आणि देशांचे संघ उतरतात. १९८१पासून तिच्या नावात ट्रायलऐवजी एन्ड्युरो आहे आणि निकाल वेळेवर लागतो. स्कॉटिश स्पर्धेत निकाल पायावर लागतो, वेळ फक्त मर्यादा म्हणून. उशीर झाला तर दंडाचे गुण लागतात, लवकर पोचल्याचा गुण मिळत नाही.

लवकर पोचल्याचा एक फायदा मात्र आहे. गाडी जमा करेपर्यंतची उरलेली मिनिटं दुरुस्तीची असतात. रस्त्यावर आणि माळावर रेंगाळला नाहीत तर संध्याकाळी २०-२५ मिनिटं हाताशी राहतात. चेन, पॅड, फोम, ऑइल सगळं त्यातच बसवायचं असतं.

चाकोरी

त्या मिनिटांत सर्वांत आधी मागचे ब्रेक पॅड बघा. ग्रॅनाइटची भुकटी आणि पीट यांचा ओला लगदा डिस्कवर सॅंडपेपरसारखा चालतो. कोरड्यात महिनोन् महिने चालणारे पॅड इथे पावसाच्या दोन दिवसांत पत्र्यापर्यंत येऊ शकतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड ओल्या वाळूत जास्त टिकतात. १ मिमी उरले की बदला. पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याचा बाहेर आलेला भाग ब्रेक फ्लुइडने पुसा, नाहीतर वाळू सीलमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक अडकून राहतो.

फ्लुइडबद्दल सावध: काही गाड्यांच्या क्लचला मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट ४ ब्रेक फ्लुइड. मिसळले तर सील फुगतात आणि क्लच सुटेनासा होतो. झाकणावर काय लिहिलंय ते घरीच वाचून बाटलीवर रंगाने खूण करून ठेवा.

चेन ५२० मापाची. नवीन चेनच्या २० कड्या म्हणजे ३१७.५ मिमी. ताणून मोजल्यावर ३२०च्या पुढे गेली असेल तर स्पर्धेआधीच बदला. टेन्शनरचा नायलॉनचा ठोकळाही नवा घाला. तो आरपार झिजला की चेन स्विंगआर्मवर घासते.

चाकांची बेअरिंग घरून निघण्याआधी सील उचलून ग्रीसने भरा, लिंकेजचीही.

नवखा_स्वार

कमरेच्या पिशवीत काय काय ठेवावं?

दगडफूल

कमीत कमी: प्लगचा पाना आणि २ प्लग, ८-१०-१३चे पाने, ४-५-६च्या अॅलन की, टायर काढायचे २ लिव्हर, २१ इंची ट्यूब, वर सांगितलेलं पंक्चरचं सामान, ५२०चे २ जोडदुवे, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, झिपटाय, चिकटपट्टी, पातळ तार. आणि धातूची इपॉक्सी पुटी. खडकाने क्लचच्या झाकणाला भोक पाडलं तर तेवढीच वाचवते. पृष्ठभाग पेट्रोलने पुसून कोरडा करा, पुटी मळून दाबा आणि डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबा. ओल्यावर ती धरत नाही.

क्लच-ब्रेकचे लिव्हर मुळात मोडू नयेत म्हणून हँडलवर त्यांच्या पट्ट्याखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि स्क्रू एवढेच आवळा की हाताने जोर लावल्यावर लिव्हर फिरेल. गाडी पडली की लिव्हर फिरतो, मोडत नाही.

सुकाणू

यंत्राबद्दल छान लिहिलंय सगळ्यांनी. आता सेक्शनबद्दल.

सेक्शन चालत बघताना पुढचं चाक कुठे जाईल हे सगळेच बघतात. बघायचं असतं मागचं. पुढचं हाताने उचलून ठेवता येतं, ओढ मागच्याला लागते. रांगेत उभे असताना तुमच्या आधीच्या तिघा-चौघांचं मागचं चाक कोणत्या दगडावर सुटतं तेवढं बघा.

सुरुवातीचा क्रमांक रोज फिरतो आणि त्याने सेक्शन बदलतो. पहिल्या काही स्वारांना ओढ्यातले दगड शेवाळलेले मिळतात. शंभर गाड्या गेल्यावर शेवाळ खरवडून निघतं आणि दगड पकड देतो. मातीच्या चढावर उलट: आधीच्यांना घट्ट जमीन, नंतरच्यांना चर आणि उघडी पडलेली मुळं. लवकर निघणार असाल त्या दिवशी ओढ्यात जरा जास्त गती ठेवा, उशिरा निघणार असाल तर मातीत चराच्या बाहेरची वाट शोधून ठेवा.

किन्लोकलेव्हनचा पाइपलाइन सेक्शन हे उत्तम उदाहरण. ब्लॅकवॉटर धरणाचं पाणी खाली आणणाऱ्या नळांच्या शेजारून चढणारी उभी, मोकळ्या दगडांची वाट. तिथे मध्येच गती गेली तर परत मिळत नाही. पायथ्याशीच योग्य गिअर, अंग पुढे, आणि वरपर्यंत थ्रॉटल एकसारखा. चाक फिरायला लागलं की थ्रॉटल वाढवायचा मोह होतो. तिथे तो किंचित कमी करायचा.

सुतळी

आणि पाय टेकावा लागलाच तर?

सुकाणू

एकदा टेकला तर शांत राहा, अजून एकच गुण गेलाय. तिसऱ्यांदा टेकला की त्यानंतरचे पाय फुकट. मग दोन्ही पायांनी वल्हवत बाहेर पडा, ३च लागतील. दोन पाय टेकल्यावर तिसरा वाचवायच्या धडपडीत पडणं आणि ५ घेणं ही सर्वांत महागडी चूक. सुमारे १८० सेक्शनांत दर सहाव्या ठिकाणी ५च्या जागी ३ घेतले तरी साठ गुणांचा फरक पडतो.

वल्हवताना गाडी थांबू देऊ नका. थांबण्याबद्दलचे नियम स्पर्धेगणिक वेगळे असतात. नो-स्टॉप नियमात पुढची गती थांबली की ५. दुसऱ्या प्रकारात उभं राहणं चालतं, पण गाडी मागे गेली की ५. त्या वर्षीचे पुरवणी नियम वाचूनच उतरा.

मॉन्टेसाप्रेमी

शरीराचंही लिहून ठेवतो. या गाड्यांना बसायला सीट नसल्यासारखीच, त्यामुळे आठ-नऊ तास उभं राहणं आलं. हँडल घट्ट धरायची सवय असेल तर बुधवारपर्यंत मनगट ते कोपर आखडतं आणि क्लच ओढवत नाही. क्लच आणि ब्रेक एकाच बोटाने, गुडघे गाडीला टेकलेले, आणि रस्त्यावर बोटं उघडझाप करत राहायची. अंगठ्याच्या मुळाशी फोड यायच्या आधी, सोमवारीच पट्टी लावा.

हातमोजे रोज दोन जोड, एक कोरडा प्लॅस्टिकच्या पिशवीत. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने एकदा बदला. दर तासाला थोडं खायचं, भूक लागायची वाट न बघता. पाऊस आणि वारा असला की तहान जाणवत नाही, तरी पाणी पीत राहा. चौथ्या दिवशी दुपारी पाय नेमके का टेकायला लागले, याचं कारण बऱ्याचदा पोटात असतं.

तेलपाणी

एक राहिलं. टाकी दोन-अडीच लिटरची असते आणि पेट्रोल फक्त ठरलेल्या थांब्यांवर मिळतं. प्रत्येक थांब्यावर काठोकाठ भरा, पुढचा टप्पा लहान दिसला तरी. दलदलीत चाक फिरवत काढलेले दोन किलोमीटर रस्त्यावरच्या दहाएवढं पेट्रोल पितात. आणि टाकीच्या झाकणाची श्वासनळी चिखलाने बुजलेली नाही ना ते तिथेच फुंकून बघा. ती बुजली की टाकीत पेट्रोल असूनही गाडी अर्ध्या चढावर बंद पडते, आणि माणूस प्लग बदलत बसतो.